रस्ता तोच, वेळ निराळी

नांदेड–लातूर रस्त्यावरच्या एका गावात मी पंचवीसहून अधिक वर्षे दवाखाना चालवतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री नऊच्या सुमारास दवाखाना बंद करण्याच्या घाईत होतो. तेवढ्यात ओळखीचा एक टेम्पोचालक आला. "साहेब, सर्दीनं डोकं जड झालंय, नाक वाहतंय. एखादी चांगली गोळी द्या." मी तपासले. ताप नव्हता, छाती साफ होती. नेहमीच्या गोळ्या दिल्या. त्यात क्लोरफेनिरामिनची एक छोटी गोळी होती. सर्दीवर ती गावोगाव दिली जाते. "जेवून घे, गोळी घे आणि झोप," असे सांगून मी दवाखान्याला कुलूप लावले.

त्या रात्री अडीच वाजता तो भाजीचा टेम्पो घेऊन लातूरच्या मंडईकडे निघाला. चारच्या सुमारास टेम्पो रस्ता सोडून खाली उतरला आणि बाभळीला धडकला. गळ्याजवळचे हाड मोडले, दोन बरगड्या गेल्या. जीव वाचला, हे नशीब. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाला, "साहेब, चाकूर मागं टाकलं एवढं आठवतंय. पुढचं काहीच आठवत नाही."

वाचकहो, त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता. त्या गोळीने झोप येते हे मला ठाऊक होते, त्याला नव्हते. "आज रात्री गाडी आहे का?" हा पाच शब्दांचा प्रश्न मी विचारायला हवा होता. विचारला नाही. तेव्हापासून सर्दीच्या प्रत्येक रोग्याला तो विचारतो. या आठवड्याचा लेख त्याच प्रश्नाचा विस्तार आहे.

शरीराचे घड्याळ

अपघात म्हटले की आपण रस्त्याला दोष देतो, गाडीला देतो, दारूला देतो. ते पुष्कळदा खरेही असते. पण तोच रस्ता, तीच गाडी, तोच शुद्धीतला चालक असूनही सकाळी दहाचा प्रवास आणि पहाटे चारचा प्रवास सारखा नसतो. कारण माणूस चोवीस तास एकसारखा नसतो.

आपल्या मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तेच शरीराचे मुख्य घड्याळ. उजेड-अंधाराच्या खुणेवर ते चालते आणि झोप, शरीराचे तापमान, भूक, सावधपणा यांच्या वेळा ठरवते. पेशींतील हे घड्याळ कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. या घड्याळानुसार दिवसातून दोनदा आपला सावधपणा उतरतो. एकदा मध्यरात्रीनंतर, साधारण दोन ते पाच या वेळात, आणि दुसऱ्यांदा, थोड्या प्रमाणात, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान. पहिली उतरण खोल आहे, दुसरी उथळ.

आता आकडे पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे दगावली. म्हणजे दर तासाला सरासरी एकोणीस. यातले सुमारे एक पंचमांश अपघात संध्याकाळी सहा ते रात्री नऊ या तीनच तासांतले आहेत. त्याखालोखाल दुपारी तीन ते सहा ही वेळ येते. मध्यरात्र ते सकाळी सहा या काळात अपघातांची संख्या सर्वांत कमी दिसते.

हे वाचून कोणी म्हणेल, "मग रात्रीचाच प्रवास बरा!" इथे फसू नये. रात्री दोन वाजता रस्त्यावर गाड्याच किती असतात? अपघात कमी दिसतात ते रहदारी कमी म्हणून. त्या वेळी रस्त्यावर असलेल्या एकेका गाडीचा विचार केला तर धोका दिवसापेक्षा जास्तच असतो. शिवाय रस्ता मोकळा असल्याने वेग असतो आणि वेगातला अपघात साध्या खरचटण्यावर भागत नाही.

मध्यरात्र ते पहाट : झोपेची वेळ

आपल्या भागातल्या लोकांना काही तारखा विसरता येत नाहीत. ३ जून २०१४ रोजी केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीला दिल्लीत विमानतळाकडे जाताना अपघात झाला. वेळ सकाळी सव्वासहा-साडेसहाची, रस्ते बरेचसे रिकामे. १४ ऑगस्ट २०२२ रोजी विनायक मेटे बीडहून मुंबईला बैठकीसाठी निघाले होते. पुणे–मुंबई द्रुतगती मार्गावर पहाटे पाचच्या सुमारास अपघात झाला. १ जुलै २०२३ रोजी नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ जणांचा जीव गेला. वेळ रात्री दीडच्या सुमाराची. या प्रत्येक अपघाताची कारणे वेगळी असतील. ती ठरवण्याचे काम माझे नाही. मी फक्त घड्याळाकडे बोट दाखवतो.

या वेळात शरीराचे तापमान सर्वांत खाली असते, रक्तात मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक भरपूर असते. चालकाला वाटते आपण जागे आहोत. डोळेही उघडे असतात. पण मेंदू तीन-चार सेकंदांची डुलकी काढून मोकळा होतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. चार सेकंदांत जवळजवळ ९० मीटर. तेवढे अंतर त्या गाडीला चालक नसतोच, असे समजा. म्हणूनच अशा अपघातात रस्त्यावर ब्रेकच्या खुणा बहुधा सापडत नाहीत. आणि वाचलेला माणूस म्हणतो, "पुढचं काहीच आठवत नाही."

जागरणाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले की सलग १७ तास जागा असलेला माणूस, रक्तात दर १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकाच मंदावतो. आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. आता हिशेब करा. लग्नघरातला माणूस पहाटे पाचला उठतो. दिवसभर धावपळ करतो. रात्री दहाला पाहुण्यांना सोडायला जीप काढतो. त्याने थेंबभर घेतलेली नाही, तोंडाला वास नाही. पण सतरा तास झाले आहेत.

सकाळ : घाईची वेळ

सकाळी आठ ते दहा डोळे ताजे असतात, उजेड असतो. इथे शत्रू झोप नव्हे, घाई. नांदेडला आणि लातूरला हजारो मुले शिकवणीसाठी राहतात. पोरे सायकलवर, स्कूटीवर, तिघे-तिघे बसून वर्गाची वेळ गाठत असतात. त्याच वेळी कचेरीचे लोक, शाळेच्या रिक्षा, दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकली रस्त्यावर येतात. पाच मिनिटे वाचवण्यासाठी माणूस उलट्या बाजूने गाडी घालतो. या वेळेचे औषध माझ्या कपाटात नाही. ते घरातल्या गजराच्या घड्याळात आहे : दहा मिनिटे आधी निघा.

सकाळच्या संदर्भात माझाही एक कबुलीजबाब आहे. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या रोग्यांना मी रोज फिरायला जा म्हणून सांगतो. ते बिचारे पहाटे पाचला काळसर शाल पांघरून महामार्गाच्या कडेने, गाड्यांकडे पाठ करून चालतात. हिवाळ्यात गोदाकाठी धुके असते तेव्हा तर ते दिसतच नाहीत. फिरायला जा, पण उजाडल्यावर जा. शक्यतो शाळेच्या मैदानावर किंवा गावातल्या रस्त्यावर जा. मोठ्या रस्त्याने जावेच लागले तर उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असे चाला आणि अंगावर पांढरे कपडे ठेवा.

दुपार : जेवणानंतरची पेंग

दुपारच्या उतरणीला आपल्याकडे दोन गोष्टींची जोड मिळते. एक उन्हाळा, दुसरी पंगत. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळीस-बेचाळीसवर असतो. लग्नात वरण-भात, बुंदी पोटभर झालेली असते आणि अडीच वाजता "निघू या आता, उन्हं कलायच्या आत पोचू" म्हणून गाडी निघते. पाणी कमी पडलेले शरीर आधीच थकलेले असते. सरळ रस्ता, एकसुरी आवाज, मागे सगळी मंडळी झोपलेली. चालकालाही पेंग येणारच. ही झोप आळशीपणाची नव्हे, शरीरधर्माची आहे. म्हणून जेवणानंतर अर्धा तास आडवे व्हा, मग निघा. चालवणाऱ्याने पंगतीत हात राखून जेवावे आणि पाणी भरपूर प्यावे.

गोरजवेळ : फसवी वेळ

गुरे रानातून परततात, त्यांच्या पायांनी धूळ उडते, ती गोरजवेळ. आपल्याकडे पुष्कळ लग्ने याच मुहूर्तावर लागतात. मुहूर्त म्हणून ती शुभ असेल. गाडी चालवण्यासाठी मात्र ती वाईट वेळ आहे.

याचे कारण डोळ्यांत आहे. डोळ्याच्या पडद्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. एक भरउजेडात रंग आणि बारकावे पाहणाऱ्या, दुसऱ्या अंधूक प्रकाशात काम करणाऱ्या. तिन्हीसांजेला पहिल्या थकलेल्या असतात आणि दुसऱ्या पुरत्या जाग्या झालेल्या नसतात. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला सुमारे अर्धा तास लागतो. आकाशात उजेड असतो म्हणून माणूस दिवा लावत नाही, पण रस्त्यावर मात्र अंधार उतरलेला असतो. राखाडी रस्ता, राखाडी म्हैस, मळकट धोतरातला शेतकरी, सगळे एकाच रंगाचे होते. नेमक्या याच वेळी कामावरची माणसे घरी निघालेली असतात, बाजार सुटलेला असतो, वरात रस्त्यावर असते, चालक दिवसभराचा दमलेला असतो. सहा ते नऊचे आकडे इतके का फुगतात, हे आता लक्षात यावे.

दिवे लागल्यावर दुसरी अडचण येते. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने चाललेली गाडी, समोर काही दिसल्यापासून पुरती थांबेपर्यंत साधारण ४० ते ४५ मीटर जाते. डिपरच्या प्रकाशात गडद कपड्यांतला माणूस बहुधा ३० मीटरच्या आत आल्यावरच दिसतो. म्हणजे दिसला तेव्हा उशीर झालेला असतो. ब्रेक कितीही चांगला असला तरी हा हिशेब बदलत नाही. वेग कमी करणे हाच उपाय.

गळीत हंगामात लातूर भागात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रभर चालतात. पुष्कळांना मागे दिवा नसतो, ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाने असलेला दिवाही झाकतो. समोरून कोणी अप्पर मारत आला की काही सेकंद डोळ्यांपुढे नुसता पांढरा पडदा असतो आणि त्या पडद्यामागे ट्रॉली उभी असते. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आणि नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर पायी माणसांची रीघ असते, तीही रात्रीची. त्या दिवसांत रात्रीचा प्रवास टाळलेला बरा.

औषधे आणि आजार

आता माझ्या अखत्यारीतले थोडे.

सर्दी, खाज, पित्त उठणे यांवरच्या अनेक गोळ्या आणि खोकल्याची बरीच औषधे झोप आणतात. काहींचा अंमल दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहतो. झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या तर उघडच आहेत. मेडिकल दुकानातून परस्पर गोळी घेणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे. "मी गाडी चालवतो" एवढे वाक्य डॉक्टरला आणि दुकानदाराला आधी सांगावे. कमी झोप आणणारी औषधेही मिळतात.

मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन जेवण लांबले तर साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, समोरचे धूसर होते, माणूस भांबावतो. प्रवासात दुपारचे जेवण तीन-चार वाजेपर्यंत लांबणे हे नेहमीचेच. मधुमेही चालकाने खिशात साखर किंवा पेढा ठेवावा. लक्षणे दिसताच गाडी बाजूला घेऊन तो खावा आणि बरे वाटले तरी लगेच चाक हाती घेऊ नये.

पन्नाशीनंतर रात्रीची नजर मंदावते. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या तरुणाच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. मोतिबिंदू सुरू झाला असेल तर समोरचा दिवा फुटल्यासारखा पसरतो. दिवसा वाचता येते म्हणून रात्री दिसते असे नव्हे. मी स्वतः पन्नाशी ओलांडल्यापासून दिवेलागणीनंतर शक्यतो गाडी काढत नाही. काढावीच लागली तर मुलगा चालवतो.

आणखी एक. जो माणूस मोठमोठ्याने घोरतो, झोपेत ज्याचा श्वास मध्येच अडकतो आणि दिवसा बसल्या-बसल्या डुलक्या घेतो, त्याला आपण "गाढ झोपणारा" म्हणून हसतो. प्रत्यक्षात त्याची झोप रात्रभर मोडत असते. असा माणूस चालक असेल तर त्याने तपासणी करून घ्यावी. यावर उपचार आहेत.

काय करावे?

१. प्रवासाला निघण्याची वेळ मुहूर्तासारखी ठरवा. गर्दी टाळायला रात्री दोनला निघण्यापेक्षा पुरती झोप घेऊन सकाळी सहाला निघा.

२. दर दोन तासांनी पंधरा मिनिटे थांबा, खाली उतरून चाला.

३. जांभया येऊ लागल्या, गेल्या दोन किलोमीटरमध्ये काय दिसले ते आठवेना, गाडी पट्ट्याबाहेर जाऊ लागली, की समजा झोप आली आहे. काच उघडणे, गाणे मोठे करणे, तंबाखू मळणे याने ती जात नाही. ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर गाडी लावा, कपभर कडक चहा किंवा कॉफी प्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटे झोपा. चहा-कॉफीचा परिणाम व्हायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर झोपेचाही फायदा मिळतो. उठल्यावर तोंड धुऊन, जरा चालून मगच निघा. हा तात्पुरता उपाय आहे. रात्रभराच्या झोपेची बरोबरी तो करत नाही.

४. सूर्य मावळण्याआधीच दिवे लावा आणि वेग कमी करा. समोरून गाडी येताच डिपर द्या. समोरचा देत नसेल तर त्याच्या दिव्याकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेकडे बघा.

५. पुढची काच, दिव्यांची काच आणि चष्मा पुसूनच निघा. धुळीने दिव्याचा प्रकाश फाकतो.

६. हेल्मेट आणि पट्टा हे चोवीस तासांचे औषध आहे. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा.

७. ट्रॅक्टर, बैलगाडीवाल्या शेतकरी बंधूंनी मागे चमकणारी पट्टी आणि लाल दिवा लावावा. बंद पडलेली ट्रॉली रस्त्यावर तशीच सोडू नये.

८. गाडीमालकांना हात जोडून विनंती. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ साली आला. त्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास काम सांगितले होते. पुण्याहून रात्रभर गाडी चालवत आलेल्या माणसाला सकाळी परत पाठवू नका.

शेवटी एक. रात्रीचा अपघात उशिरा दिसतो आणि दिसला तरी पोलिसांच्या लफड्याच्या भीतीने माणसे पुढे निघून जातात. जखमीच्या बाबतीत पहिला तास लाखमोलाचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातही आले. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. तेव्हा थांबा. १०८ ला फोन करा. वाहणाऱ्या रक्तावर स्वच्छ फडके दाबून धरा. मान दुखावल्याचा संशय असेल तर जखमीला ओढाताण करून हलवू नका.

तो टेम्पोचालक आता बरा आहे. अजून टेम्पोच चालवतो, पण आता भाजी संध्याकाळीच लातूरला नेतो, रात्री मंडईजवळ मुक्काम करतो आणि दिवस उगवल्यावर परत निघतो. परवा खोकल्यासाठी आला होता. मी चिठ्ठी लिहायला घेतली, तेवढ्यात तोच हसत म्हणाला, "साहेब, आज गाडी आहे बरं का."

वाचकहो, हे एवढे वाक्य तुम्हीही आपल्या डॉक्टरला सांगत चला. डॉक्टर विचारायला विसरला तरी.